दातांच्या दवाखान्यातली टाकी

मुंबईत दुसऱ्यांच्या माशांच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा. हॉटेलं, ऑफिसं, दवाखाने, आणि हौसेने टाकी आणून महिन्याभरात कंटाळलेली घरं. नवीन टाकी लावताना गिऱ्हाईकाची एक फर्माईश ठरलेली असते, "दादा, घाण खाणारा एखादा मासा टाका ना!" कुर्ल्याच्या बाजारात माल विकतात तोही त्याच नावाखाली. टाकी मोठी असेल तर सकर, लहान असेल तर कोरी. फुकटचा झाडूवाला मिळाला, आता याला वेगळं खायला घालायची गरज नाही, असा सगळ्यांचा हिशेब. या हिशेबापायी उपाशी मेलेल्या कोरी मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

कोरी म्हणजे कोरिडोरास. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, बोटाएवढा, मिशीवाला मासा. अंगावर खवले नाहीत. दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा, एकीवर एक चढलेल्या, अगदी चिलखत. लासेपेद नावाच्या फ्रेंच माणसाने 1803 साली या कुळाला नाव दिलं आणि पुढे दोनशे वर्षं सापडेल ती कोरी त्यातच टाकली गेली. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची वेगवेगळ्या कुळांत वाटणी केली. माझ्या या गोष्टीतली पेपर्ड कोरी आता कागदोपत्री हॉप्लिसोमा झाली आहे. कुर्ल्यात याचा कुणाला पत्ता नाही, आणि भावातही फरक पडलेला नाही.

हिंदमाताच्या बाजूला लहान मुलांच्या दातांचा एक दवाखाना आहे. तिथली टाकी माझ्याकडे. वरच्या भागात एंजल, मध्ये निऑन टेट्रा आणि तळाशी या पेपर्ड कोरींचा घोळका. मुलांना एंजलपेक्षा कोरी आवडायच्या, कारण त्या डोळा मारतात. खरंच मारतात. बुबुळ झटकन खाली वळतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, मासा आपल्याला खूण करतोय. दाढ काढायला आलेलं पोरही तेवढा वेळ रडायचं थांबतं.

जुलैमधला तो शनिवार-रविवार नुसता कोसळत होता. हिंदमाताला पाणी भरलं ही काही बातमी नव्हे, पण या वेळी ते इमारतीच्या मीटरच्या खोलीत शिरलं आणि शनिवारी रात्री सोसायटीने मेन स्विच बंद केला. रविवारी दवाखाना बंद. सोमवारी सकाळी रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला.

"दादा, सगळे मासे पालथे पडलेत हो. वास मारतोय. आणि ते खालचे मिशीवाले वेडे झालेत, सारखे वर उड्या मारतायत."

जाऊन पाहिलं तर पाणी ताकासारखं पांढुरकं झालेलं. फिल्टर दीड दिवस बंद होता, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन संपला होता. एंजल आडव्या तरंगत होत्या, टेट्रा तर निम्म्या कुजलेल्या. पण कोरी सगळ्या जिवंत! मी काचेला नाक लावून एकीवर नजर ठेवली. ती तळाशी बसलेली, कल्ले भराभर हलतायत. मग एकदम बाणासारखी सरळ वर, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून एक घोट, आणि गिरकी घेऊन खाली. उतरताना मागच्या बाजूने एक बारीक बुडबुडा सुटला.

तो घोट हवेचा. कोरी हवा गिळते आणि आतड्याच्या मागच्या भागात, जिथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तिथे त्यातला ऑक्सिजन रक्तात घेते. उरलेली हवा मागून बाहेर. पाणी चांगलं असतानाही ती अधूनमधून वर येऊन जाते, गढूळ आणि साचलेल्या पाण्यात हीच सवय तिला तारते. ताईंना सांगितलं, "वेड्या नाहीत, श्वास घेतायत." त्यांचा विश्वास बसला नाही.

हवेचा प्रश्न सुटला तरी मेलेल्या माशांतून आणि घाणीतून पाण्यात उतरणाऱ्या विषारी अमोनियाचा उरतोच. तपासणीच्या किटमध्ये पाणी घातलं तर रंग गडद हिरवा आला, म्हणजे अमोनिया भरपूर. माझा मदतनीस पोरगा जाळी घेऊन तयार, "दादा, पिशवीत भरू का?" मी त्याला जागेवर थांबवलं. कोरीच्या पाठीच्या आणि बाजूच्या परांना काटे असतात. घाबरली की ते ताठ करून ती कुलूप लावल्यासारखे अडकवते, मग जाळीतून सोडवताना एक तर काटा तुटतो नाहीतर आपलं बोट फुटतं. शिवाय घाबरलेली कोरी विष सोडते. लहान पिशवीत दाटीने भरली तर त्या विषाने तिचा स्वतःचाच जीव जातो. होलसेलवाले म्हणूनच कोरी विरळ भरतात आणि पाणी जास्त ठेवतात.

तेव्हा त्यांना हलवलं नाही. मेलेले मासे काढले, बॅटरीचा एअरपंप लावला आणि पाणी थोडं थोडं बदलत दिवस काढला. एकदम सगळं पाणी बदलायचा मोह होतो. पण सडक्या टाकीचं पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. ताजं पाणी भसाभस ओतलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास होता, म्हणून प्रत्येक बादलीत अँटिक्लोर. पावसाळ्यातलं ते गार पाणी. संध्याकाळी थर्मामीटर पाहिला तर एरवी 29 अंशांवर असणारी टाकी 25 वर उतरली होती.

मंगळवारी सकाळी डॉक्टर मॅडमचाच फोन. "काचेला काहीतरी चिकटलंय. ही बुरशी आहे का?"

बुरशी नव्हती, अंडी होती. मी पोचलो तेव्हाही एक मादी कामातच होती. पोटाखालचे दोन पर हात जोडावेत तसे जुळवलेले, त्यांत तीन-चार अंडी धरलेली. काचेवरची एक जागा तिने तोंडाने चाटूनपुसून घेतली, मग तिथे पोट दाबून अंडी चिकटवली आणि पुन्हा नराकडे गेली.

पेपर्ड कोरी मूळची ला प्लाटाच्या खोऱ्यातली. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून 1842 मध्ये जेनिन्सने तिचं वर्णन छापलं. पावसाचं गार पाणी नदीत आलं की तिचा विणीचा हंगाम. मुंबईच्या कोमट टाकीत वर्षानुवर्षं तिला हा इशारा मिळत नाही. आम्ही सोमवारी बादल्या-बादल्यांनी तिला पावसाळाच आणून दिला होता. शिवाय अंडी खाणाऱ्या एंजलही उरल्या नव्हत्या.

मॅडमना कुतूहल फार. नर-मादी असे टी आकारात का चिकटतात, त्यांनी विचारलं. मी बाकावरच्या आयांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. 1995 मध्ये जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीवर प्रयोग करून दाखवलंय की मादी नराचं वीर्य पिते, ते तिच्या आतड्यातून काही सेकंदांत पार होऊन परांत धरलेल्या अंड्यांवर पडतं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे श्वासही तिथूनच आणि हेही तिथूनच?" ताईंनी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

आईबाप अंड्यांची राखण करत नाहीत, भूक लागली तर तेच खातात. म्हणून बोटाने हलकेच सोडवून अंडी एका पारदर्शक डब्यात घेतली, बुरशी धरू नये म्हणून मेथिलीन ब्लूचे थेंब टाकले. बरीच पांढरी पडली. उरलेल्यांतून शनिवारपर्यंत पापणीच्या केसाएवढी पिल्लं निघाली, आणि मुलांची रांग टाकी सोडून डब्यापाशी लागायला लागली.

मॅडमना लगेच नवीन एंजल हव्या होत्या. मी नाही म्हटलं. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू पुन्हा वसेपर्यंत टाकीवर बोजा नको. त्याऐवजी टोकदार खडी काढून बारीक वाळू घातली, कारण खडीवर या माशांच्या मिशा झिजतात. तळाशी बसणाऱ्या गोळ्यांचा डबा ताईंच्या टेबलात ठेवला, संध्याकाळी शटर ओढण्याआधी त्या स्वतः टाकतात. लाइट गेली की आपोआप सुरू होणारा पंपही बसवलाय. मीटर वरच्या मजल्यावर न्यायचे असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलंय म्हणतात, अजून ते तळमजल्यावरच आहेत.