कुणी मारलं ते कळतं, का ते नाही

बुधवार, रात्र

टीव्ही पत्रकार तमारा उरुशाद्झेचा तो व्हिडिओ आज परत पाहिला. १४ ऑगस्ट २००८, जॉर्जियातलं गोरी शहर, रशियाशी युद्ध चालू. बाई माइक धरून थेट प्रक्षेपणात बोलतेय आणि बोलता बोलता गोळी दंडाला चाटून जाते. थोड्या वेळाने पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी! या धीटपणाचं कौतुक करावं की काळजी करावी, मला अजून ठरवता येत नाही.

पण डोक्यात घोळत राहिला तो गिओर्गी सानाया. 'रुस्तावी २' या खासगी वाहिनीवर रोज रात्री चर्चेचा कार्यक्रम करायचा, 'नाइट कुरियर' नावाचा. वय अवघं २६. त्या वयात आपल्याकडची पोरं वाहिनीचा माइक घेऊन मंत्र्याच्या गाडीमागे धावत असतात. हा देशभर घराघरात ओळखीचा झाला होता. जुलै २००१ मध्ये जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये त्याला जवळून डोक्यात गोळी घातली. हजारो लोक रस्त्यावर आले. राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झेंनी थेट अमेरिकेच्या एफबीआयची मदत मागितली. २००३ मध्ये सुरक्षा खात्याच्या एका माजी अधिकाऱ्याला १३ वर्षांची शिक्षाही झाली. खून वैयक्तिक कारणावरून, असं सांगितलं गेलं. सहकाऱ्यांना ते पटलं नाही. मलाही इतक्या लांबून काय कळणार म्हणा, पण 'वैयक्तिक' म्हटलं की पुढचे प्रश्न विचारणाराच आगाऊ ठरतो, एवढं कळतं.

त्याला जाऊन तीन महिने होतात तोच, ऑक्टोबरअखेर, सुरक्षा खात्याची माणसं त्याच वाहिनीच्या दारात हजर. निमित्त करतपासणीचं. वाहिनीने कॅमेरे चालू ठेवले आणि सगळं थेट दाखवलं. लोक जमले, विद्यार्थी जमले आणि १ नोव्हेंबरला शेवर्दनाद्झेंना अख्खं मंत्रिमंडळ बरखास्त करावं लागलं. सानाया असता तर त्या रात्री त्याने काय कार्यक्रम केला असता!

मग २०२१. लेक्सो लाश्कारावा, 'टीव्ही पिर्वेली'चा कॅमेरामन. ५ जुलैला तिबिलिसीत प्राइड मोर्चाच्या, म्हणजे एलजीबीटी लोकांच्या हक्कांसाठीच्या मोर्चाच्या विरोधात जमाव उतरला. त्या एका दिवसात पन्नासहून जास्त पत्रकारांना मारहाण झाली. लेक्सोच्या चेहऱ्याची हाडं मोडली, शस्त्रक्रिया झाली, घरी सोडलं. ११ तारखेला घरातच मृत सापडला. सरकारी बाजूने अमली पदार्थांची गोष्ट पुढे आली. पुन्हा तेच! मारहाणीबद्दल काही जणांना शिक्षा झाली, मृत्यूचं खापर मात्र मेलेल्याच्याच माथी. कॅमेरामनचं तर नावही प्रेक्षकाला माहीत नसतं. तो दिसतो तोच असा, बातमी झाल्यावर.

उरुशाद्झेची गोळी सगळ्यांनी पाहिली, म्हणून तिला कुणी 'तुझं काही खासगी भांडण होतं का' असं विचारलं नाही. मला वाटायचं, कॅमेरा चालू असला की माणूस निदान खोट्यापासून तरी वाचतो. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये निदर्शनांच्या वेळी 'फॉर्म्युला' वाहिनीच्या गुराम रोगावाला थेट प्रक्षेपण चालू असतानाच मागून फटका बसला. मानेच्या मणक्याला आणि चेहऱ्याच्या हाडाला इजा. मारणारा दंगलविरोधी पोलिसांच्या वेशात होता. प्रक्षेपण चालू आहे हे त्याला माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.