व्यायाम, भूक आणि शेऱ्याचा रकाना

व्यायाम सुरू केला की भूक वाढते, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तालमींच्या गावात वाढलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. तरीही इथल्याच एका चकाचक जिममध्ये तीन महिन्यांचं ‘फॅट लॉस पॅकेज’ घेतलं, तेव्हा त्यांच्या प्रगती कार्डावर भुकेसाठी एकही रकाना नव्हता. वजन, कंबर, दंड, मांडी, चरबीची टक्केवारी, हजेरी, आणि सगळ्यात शेवटी ‘शेरा’. त्या शेऱ्याने मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा ट्रेडमिलने दिला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

वय 44, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसभर खुर्ची. उंची 5 फूट 2 इंच, वजन 74 किलो. आपल्याकडच्या निकषांप्रमाणे बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 25 च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात आणि बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. मी दोन्ही हद्दी केव्हाच ओलांडल्या होत्या. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी थायरॉइड तपासून घ्यायला लावलं (तुम्हीही आधी ते करा, उगाच महिनोन्‌महिने घाम गाळून मग कळायला नको), ते नीट निघालं आणि मी जिममध्ये नाव घातलं. बूट घेतले, पहाटे उठायची सवय झाली, अंगदुखी गेली. यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते पुढे. दोनेक किलो उतरल्यावर काटा जो थांबला तो हलेचना. हजेरी पूर्ण, घाम पूर्ण, वजन जागच्या जागी. आणि भूक अशी की विचारू नका.

गंमत म्हणजे व्यायाम संपल्या संपल्या अजिबात भूक लागायची नाही. उलट पोह्यांची बशी समोर आली तरी नको वाटायचं. मला वाटायचं, वा, झालं की काम! मग दुपारही बरी जायची. संध्याकाळी बँकेतून घरी पोचले, चपला काढल्या, की पोटात जो खड्डा पडायचा त्याला तोड नाही. पर्स खांद्यालाच, आणि मी ओट्यापाशी उभी राहून भडंगाच्या डब्यात हात घातलेला. बसून वाटीत घेऊन खाल्लं असतं तर निदान किती खाल्लं ते दिसलं असतं. उभ्याने खाताना हात आपोआप डब्याच्या तळाशी जातो, कारण तळलेले शेंगदाणे आणि कुरकुरीत लसूण तिथेच साठलेला असतो. चुरमुरे हलके, पण त्या शेंगदाण्यांचं काय? मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत 170 च्या आसपास कॅलरी असतात, आणि मूठ कधी एक नसते.

आता ट्रेडमिलचा हिशोब बघा. पाऊण तासाने पडद्यावर 340 कॅलरी झळकायच्या. त्या यंत्राने मला माझं वजन कधी विचारलं नव्हतं आणि कुणी ते घालायलाही सांगितलं नव्हतं. माझ्या वजनाच्या बाईने पाऊण तास झपझप चाललं तर साधारण सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्या पन्नास-पंचावन्न नुसतं बसून राहिलं असतं तरी झाल्याच असत्या. म्हणजे खरी कमाई दोनशेच्या आतबाहेर. एक पेला म्हशीचं दूध प्यायलं की हिशोब फिटला! आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन दूध पिऊन या, मसल होतील, हा सल्ला आमच्याच ट्रेनरचा.

हे सगळं बोलायचं कुणाशी? पॅकेजमध्ये ‘आहारतज्ज्ञांचा सल्ला’ समाविष्ट होता. पावती फाडताना मला ते तीनदा ठासून सांगितलं होतं. काउंटरवर विचारलं की उत्तर ठरलेलं, “मॅडम गुरुवारी येतात.” गुरुवारी गेलं की “आज नाही आल्या, पुढच्या गुरुवारी नक्की.” एका गुरुवारी मी बँकेतून लवकर निघून, कॅशिअरचे टोमणे ऐकून तिथे जाऊन बसले. एसीखाली, प्रोटीन पावडरच्या डब्यांच्या कपाटासमोर, तासभर. शेवटी काउंटरवरच्या पोराने एक झेरॉक्स आणून दिली. “मॅडमनी तुमच्यासाठी चार्ट पाठवलाय.” माझ्यासाठी! वर माझं नाव नाही, वजन नाही. 1200 कॅलरी, सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, संध्याकाळी 4 बदाम. तोच कागद मी शेजारच्या ट्रेडमिलवरच्या सहा फुटी इंजिनिअरच्या हातात पाहिला होता. त्यालाही 4 बदाम.

त्याच आठवड्यात कार्ड भरायचा दिवस होता. काट्यावर उभी राहिले. तेवढंच वजन. ट्रेनरने माझ्याकडे न बघता शेवटच्या रकान्यात बॉलपेनने लिहिलं, “डाएट फॉलो करत नाहीत.” मी म्हटलं, “सर, संध्याकाळी फार भूक लागते, त्याचं काय करू?” तो म्हणाला, “मॅडम, ती भूक नसते, क्रेव्हिंग असतं. विल पॉवर लागते. घरी चीटिंग होतंय बघा.” माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरगा. घरी दोन वेळचा स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्य, मुलाची दहावी आणि बँकेचं मार्चअखेर सांभाळणाऱ्या बाईला हा विल पॉवर शिकवणार! मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, त्याच्यासमोर त्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, “आहारतज्ज्ञ उपलब्ध करून दिले नाहीत.” तारीख घालून सही केली. बँकेत इतकी वर्षं काढली ती काय उगाच.

त्या रविवारी मामांकडे गेले होते. मामा ऐन उमेदीत तालमीत असायचे. मी रडगाणं सुरू केलं तर हसायलाच लागले. “भूक लागत्या म्हणून तोंड पाडून बसलीयास व्हय? आम्ही तर भूक लागावी म्हणून जोर मारायचो की!” खरंच आहे. तालमीत जोर-बैठका आणि खुराक ही जोडीच असते. थंडाई, दूध, तूप, मटण हे सगळं पचवायला व्यायाम आणि व्यायामाला पुरं पडायला हे सगळं. कुस्ती सुटली, मेहनत बंद झाली, पण खाण्याची सवय तशीच राहिली, की भलेभले पैलवान सुटतात, हेही मामांनीच सांगितलं, स्वतःच्या पोटावर हात फिरवत. शरीराने काम केलं की ते मोबदला मागणार. यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

पुढे एका दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांकडे स्वतंत्र पैसे भरून गेले. बाईंनी आधी ऐकून घेतलं, इथेच माझा निम्मा राग उतरला. त्यांनी सांगितलं की दमदार व्यायामानंतर घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक थोडा वेळ दबतं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं वाढतात, म्हणून तास-दीड तास खायची इच्छा होत नाही. हा परिणाम टिकत नाही. त्या वेळात न्याहारी उडवली की राहिलेलं खाणं संध्याकाळी व्याजासकट वसूल होतं. माझ्या बाबतीत अगदी हेच चाललं होतं. शिवाय जिम लावल्यापासून मी बँकेत लिफ्ट वापरत होते आणि रविवारी दुपारभर आडवी पडत होते. सकाळी जास्त खर्च झाला की उरलेल्या दिवसात शरीर नकळत हात आखडता घेतं. ट्रेडमिलच्या आकड्यात हे कुठून दिसणार?

मग मीही वाचायला लागले. इंग्लंडमधल्या लीड्सचे जॉन ब्लंडेल, नील किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली एक अभ्यास छापला होता. 35 वजनदार माणसांकडून 12 आठवडे, आठवड्यातून 5 दिवस, देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, दर वेळी 500 कॅलरी खर्च होतील इतका. सरासरी वजन 3.7 किलो उतरलं. पण सरासरीवर जाऊ नका. एकाचं 14 किलोहून जास्त उतरलं आणि एकाचं दीड किलोहून जास्त वाढलं! व्यायाम सगळ्यांना सारखाच. ज्यांचं कमी उतरलं त्यांची भूक आणि खाणं वाढलेलं होतं. हे वाचून मला जे समाधान झालं ते काय सांगू. प्रिंट काढून त्या ट्रेनरच्या टेबलावर ठेवावी असं फार मनात होतं.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला आणि जुना, 1956 चा. जाँ मेयर नावाच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या 213 माणसांचं खाणं, वजन आणि काम ताडून पाहिलं. ओझी वाहणारे जास्त खात होते, पण त्यांचं वजन आटोक्यात होतं. हलकं काम करणारे कमी खात होते. आणि सर्वांत बैठे होते ते, दुकान मांडून बसणारे आणि मुकादम, हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. म्हणजे अगदीच बसून राहिलं तर भूक त्या मानाने कमी होत नाही, तिचा ताळमेळच सुटतो. काउंटरमागे आठ तास बसणाऱ्यांनी हे विसरू नये. तेव्हा व्यायाम सोडा असा याचा अर्थ कुणी काढू नका. साखर, झोप, गुडघे, मूड या सगळ्याला तो हवाच, आणि उतरलेलं वजन टिकवायला तर हवाच हवा. अमेरिकेत 1994 पासून वजन उतरवून टिकवणाऱ्यांची नोंद ठेवतात, त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करणारे निघाले. फक्त उतरवण्याचं काम एकट्या व्यायामावर टाकू नये.

मी काय बदललं? व्यायामानंतर भूक असो नसो, तासाभरात दोन उकडलेली अंडी किंवा मुगाचं धिरडं. बँकेत चार वाजता डब्यातली मोड आलेली मटकी वाफवून, कांदा-लिंबू घालून, वर पेलाभर ताक. घरी पोचायच्या आत हे पोटात गेलं की ओट्यापाशी उभं राहायची वेळ येत नाही. भडंग बंद केलेलं नाही, जयसिंगपूरला जाणारं कुणी असलं तर अजूनही मागवते, पण वाटीत आणि बसून. ट्रेडमिलवरचा वेळ कमी करून वजनं उचलायला सुरुवात केली आणि रात्री जेवून रंकाळ्यावर एक फेरी. मिसळ महिन्यातून एकदा, कटासकट. ज्यांना दोनदाच जेवायची पद्धत मानवते त्यांनी खुशाल तसं करावं, माझ्या एका सहकाऱ्याचं त्यावर उत्तम चाललंय. माझं चार वाजताचं खाणं चुकलं की मी माणसात राहत नाही.

वर्षभरात सात किलो उतरलं. पॅकेजच्या जाहिरातीत तीन महिन्यांत दहा लिहिलं होतं. कंबर मात्र वजनाच्या आधी हलली. काटा थांबलेला असतानाच सलवारीची नाडी सैल झाली होती, ते कार्डावर कुणी लिहिलं नाही. नवा व्यायाम सुरू केला की सुरुवातीला स्नायू पाणी धरतात आणि काटा उलटा वर जातो, पाळीच्या आधीही जातो, आदल्या रात्री लोणचं-पापड झाला तरी जातो. तेव्हा रोज काट्यावर चढू नका. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर पुरे.

जिमला पैसे भरायच्या आधी आहारतज्ज्ञ कोणत्या वारी, किती वाजता येतात आणि त्यांचं नाव काय, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. “सगळं इन्क्लुडेड आहे” म्हणणाऱ्याला “लिहून द्या” म्हटलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि एक राहिलंच होतं, ते आधी सांगायला हवं होतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायामाचे प्रयोग करू नका. काही औषधांवर असताना साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय कापतात, आणि ही भूक सहन करायची नसते, लगेच खायचं असतं. कोणत्या गोळीला हा धोका आहे ते डॉक्टरांना विचारा आणि जिमच्या पिशवीत गूळ किंवा साखरेची पुडी ठेवा.