तेच प्रश्न, परत परत

स्वतंत्र सिनेमा कोल्हापुरात बघायचा म्हणजे आधी वेळ जुळवायची. एखादाच खेळ मिळतो, तोही भर कामाच्या वेळी, आणि पुढच्या शुक्रवारी नवे सिनेमे आले की तोही जातो. 'स्थळ' लागला तेव्हा आम्ही मैत्रिणींनी आधी तिकिटं काढली आणि मग रजेचा अर्ज टाकला.

जयंत सोमलकरांचा हा सिनेमा विदर्भातल्या खेड्यातला. तिथली बोली माझ्या कानाला बसायला थोडा वेळ गेला. सविताला बघायला पाहुणे येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती? ते जातात, दुसरे येतात, प्रश्न तेच. सुरुवातीला लोक हसत होते, मीही हसले. मग चुळबूळ सुरू झाली. पुढे काय विचारणार ते पाठच झालं होतं, त्यामुळे नजर आपोआप बाकीच्या गोष्टींवर गेली: खाली घातलेली सविताची मान, तिला न्याहाळणारी पुरुषांची रांग, कापसाला भाव नाही आणि हुंडा समोर उभा, अशा कात्रीत सापडलेला बाप. हे एकदाच दाखवलं असतं तर मी विसरून गेले असते.

बारीकसारीक गोष्टी बघत बसायच्या या सवयीचा उपयोग रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला झाला. पुण्याला कामासाठी गेले होते, तिथे पाहिला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला हा मराठी सिनेमा. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. पायात चप्पल नाही, चहात दूध नाही. लांबच लांब स्थिर दृश्यं, आणि मनाला वाट दाखवायला पार्श्वसंगीतही नाही. सुतकातसुद्धा नातेवाईक विचारतात, लग्न कधी? आनंदचा जीव बालमित्र बाळ्यावर आहे, आणि ते इतक्या मायेनं दाखवलंय की माझे डोळे भरून आले. सविता आणि आनंद, दोघांनाही तोच एक प्रश्न छळतो.

बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' आपल्या कोल्हापुरात केला. सावकारापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट. हा वारसा आपण भाषणांतून अभिमानानं सांगतो. त्याच शहरात सविताच्या बापाची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाला संध्याकाळचा खेळ मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या वेळी आम्ही पहिल्याच दिवशी जाणार आहोत, जमेल तितक्या जणींना घेऊन. रविवारची वाट बघितली तर तोवर खेळ टिकेल याची खात्री नसते.