दाढेतली कीड आणि रिंगणीची धुरी

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली, की माझ्या दवाखान्यात दुखऱ्या दाढा कमी आणि दुखायच्या थांबलेल्या दाढा जास्त येतात. वेचणीची मजुरी किलोवर ठरत असल्यामुळे ठणका मेडिकलमधल्या गोळीवर काढला जातो आणि गालावर सूज आली म्हणजेच लोक तालुक्याची एस.टी. धरतात. गेल्या हंगामात आलेल्या एका मावशींनी तर गावात भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन, तिच्यातून ‘पडलेल्या किडी’ पुडीत बांधून आणल्या होत्या. भिंगाखाली पाहिल्यावर त्या उष्णतेने फुटलेल्या बियांमधले पांढरे अंकुर निघाले.

दाढेत अळी नसते, हे मी त्यांना सांगितले. परंतु आत काहीतरी कुरतडते आहे, हा त्यांचा अंदाज मात्र अगदीच चुकीचा नव्हता. कुरतडणारे बरेचसे आपल्याच शरीराचे असते, एवढेच.

दाताच्या आतला जिवंत गर, म्हणजे पल्प, कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या जाळीवर उभा असतो. जंतू प्रत्यक्ष तिथे पोहोचण्याच्या बरेच आधी त्यांची विषारी द्रव्ये डेंटिनच्या, म्हणजे गराभोवतीच्या कठीण थराच्या, सूक्ष्म नळ्यांतून आत झिरपतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. या पेशींच्या कणांमध्ये एमएमपी-8 आणि एमएमपी-9 ही ऊतक कापणारी विकरे (एन्झाइम) आधीच बनवून, पण निष्क्रिय रूपात, भरलेली असतात. माणसाच्या शरीरात अशी 23 विकरे असून प्रत्येकाच्या कापणाऱ्या जागी जस्ताचा अणू असतो. 1962 साली ग्रॉस आणि लापिएर यांना या कुळातले पहिले विकर सापडले ते बेडकाच्या पिल्लाच्या विरत जाणाऱ्या शेपटीत. आपल्या शेततळ्यात दर पावसाळ्यात हेच घडते आणि तिथे ते वाढीचेच काम असते. पल्पमध्येही थोडी कापणी दुरुस्तीसाठी लागतेच, आणि टीआयएमपी नावाची प्रथिने तिला लगाम घालतात. कीड वेळेवर साफ केली, तर गर बहुधा सावरतो. तसे झाले नाही, तर लगाम तोकडा पडतो, बारीक गळू तयार होते आणि चहूबाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे सुजेला फुगायला जागाच मिळत नाही. रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो, तो याच कोंडमाऱ्यामुळे.

“आता दुखतच नाही जी, मंग कायले खोलता?” मावशींनी विचारले.

बर्फाचा तुकडा लावूनही त्यांच्या दाढेला काही जाणवले नव्हते. म्हणजे दुखणे बरे झाले नव्हते, दुखणारा गरच मेला होता. अशा दाढेत रक्तपुरवठा उरत नाही, त्यामुळे मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल तिथवर पोहोचतही नाहीत. (या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय इतक्या सहज कशा मिळतात, या प्रश्नावर मी आता भांडायचे सोडले आहे.)

दाढ उघडली. जिवंत पल्प काढताना काटेरी सुईवर गुलाबी धाग्यासारखा गुंडाळून येतो आणि मागे रक्त येते. ते कापसाच्या बोळ्याखाली काही मिनिटांत थांबते की नाही, यावरून आतली सूज कुठवर गेली याचा अंदाज घेता येतो. इथे सुईवर काहीच आले नाही. बोळ्यावर फक्त तपकिरी ओल आणि कुजका वास आला. मावशींनी तो बोळा मागून घेतला, पुडीशेजारी ठेवून बराच वेळ पाहिला आणि रूट कॅनालच्या पुढच्या बैठकीसाठी दुसरा वेचा संपल्यानंतरची तारीख मागितली.