लागट आहे का हो?

"लागट आहे का हो?" एमआरआयच्या रांगेत शेजारच्या बाईंनी लेकाच्या मानेवरची गाठ बघून विचारलं आणि स्वतःच्या मुलीला अलगद जवळ ओढलं.

मी तोंड उघडायच्या आत लेकच म्हणाला, "नाही काकू, जन्मापासूनचं आहे. १७ नंबरच्या गुणसूत्रातला घोळ."

त्या ओशाळल्या. मग हळूच मला, "आईकडून की बाबांकडून?"

हे तर घरचेही विचारतात! न्यूरोफायब्रोमॅटोसिस, म्हणजे नसांवर गाठी आणणारा हा जनुकीय आजार, असलेल्या साधारण निम्म्या मुलांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो. आमच्याकडेही नव्हता.

गाठ वाढतेय, नसांत गुंतलीय, पूर्ण काढता येत नाही. अशा गाठींवर सेल्युमेटिनिब या औषधाच्या कॅप्सूल आहेत, अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. किंमत? जाऊ दे.

तरी सगळ्यांना आधी घराणंच का तपासायचं असतं?