पक्ष्यांच्या साइटचा स्पीड, भाग ३ : पहिला फोटो उशिरा का येत होता ते सापडलं

मागच्या भागात लिहिलं होतं की सगळे फोटो वेबपी (फोटोंचा हलका फॉरमॅट) केले, चक्रवाकाचा ३.४ एमबीचा फोटो २१० केबीवर आणला, तरी मोबाइलवर एलसीपी, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, ६.८ सेकंदच. गूगलचा निकष २.५ सेकंदांचा, म्हणजे आपण फार मागे.

रविवारी पहाटे नाशिकहून निघून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो, चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहून जुन्या फोनवर साइट उघडली. हेडिंग आलं, मेनू आला, आणि वर नुसता पांढरा चौकोन, तोवर समोरची जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात शिरून दिसेनाशी पण झाली. माझी साइट लोक उघडतात ती इथेच, समोरचा पक्षी ओळखायला, त्यामुळे फार लागलं मनाला.

घरी येऊन ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्कचा वॉटरफॉल, म्हणजे कुठली फाइल कधी मागवली आणि कधी आली याचा तक्ता, बघितला, स्लो फोरजी लावून. फोटो उतरायला वेळ लागतच नव्हता, तो मागवायलाच चार सेकंद उलटत होते! कारण मी सरसकट सगळ्या फोटोंना लेझी लोडिंग (फोटो स्क्रीनजवळ आला की मगच मागवायचा) लावलं होतं, पहिल्यालासुद्धा, आणि लेझी म्हटलं की ब्राउझर पानाची मांडणी होईपर्यंत थांबतो, मांडणी थांबते सीएसएससाठी (पानाचं रंगरूप ठरवणारी फाइल), आणि माझी फाँटची सीएसएस येत होती दुसऱ्याच सर्व्हरवरून, म्हणजे तिथलं डीएनएस (सर्व्हरचा पत्ता शोधणं), कनेक्शन, सगळं नव्याने. एकात एक अडकलेलं. पहिल्या फोटोचं लेझी काढलं, फेचप्रायॉरिटी हाय केली (म्हणजे ब्राउझरला सांगितलं, हा आधी मागव), फाँट स्वतःच्या सर्व्हरवर आणला. एलसीपी ३.१.

उरलेला वेळ फाँटने खाल्ला. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांचे ग्लिफ (अक्षरांची चित्रं) भरपूर, म्हणून फाइल जड. एका ऑनलाइन टूलने नको ती अक्षरं काढून टाकली, फाइल मस्त छोटी झाली, आणि साइटवर 'पक्षी' मधला क पाय मोडून वेगळा, ष वेगळा. 'किनाऱ्यावर' तर बघवत नव्हतं. टूलने अक्षरं ठेवली होती पण जोडाक्षरं बनवायचे नियम, म्हणजे जीसब टेबल, उडवलं होतं. मग फाँटटूल्सचं पायएफटीसबसेट हे फाँट छाटायचं टूल वापरलं, लेआउट फीचर्स (जोडाक्षरांचे ते नियम) सगळी ठेवून, वूफ२ या वेबसाठीच्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये. थोडी मोठी फाइल झाली तरी चालेल, मराठी नीट दिसलीच पाहिजे, यात मी तडजोड करणार नाही.

फोटोंना विड्थ-हाइट दिल्यावर सीएलएस, म्हणजे लोड होताना पान किती उड्या मारतं त्याचं माप, ०.२४ वरून ०.०२, ते दहा मिनिटांचं काम, करून टाका.

आत्ता एलसीपी २.३. पुढच्या रविवारी त्याच मनोऱ्यावर, त्याच फोनवर परत बघतो. मग नकाशाचं पान, नकाशा तर टॅप केल्याशिवाय लोडच करायचा नाही असं ठरवतोय. कोणी तसं केलंय का, कसा अनुभव आहे?