ताऱ्याच्या पोटाचा प्रश्न

तारामाशाचं तोंड खालच्या बाजूला असतं, आणि मला वाटतं सगळी गडबड तिथूनच सुरू होते. दुकानात काचेतून आपल्याला दिसते ती त्याची पाठ. निळीशार, लालभडक नाहीतर चॉकलेटी शिंगांची. माणूस पाठीवर भाळतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. तोंडात काय जातं हे विचारायचं राहून जातं.

नेरूळला आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या आहेत. एक मोठी, एक तिच्या पोटातली वाटावी एवढी. आईचं म्हणणं, एप्रिल-मेमध्ये आम्ही पंख्याखाली आणि मासे एसीत. खोटं नाही, पाणी पंचविशी-सव्विशीत ठेवायला चिलर लागतोच आणि वीजबिलावर तो दिसतोही. मोठ्या टाकीत बटण आणि मश्रूम जातीचे मऊ जीव आहेत, प्रवाळांचेच बिनसांगाड्याचे भाऊबंद. दगडी प्रवाळांच्या वाटेला मी जात नाही. 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघासोबत बसले आहेत.

या टाक्यांपायी मला गिऱ्हाइकासारखे पाहुणे येतात. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी निवृत्तीनंतर टाकी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तो निळा कुठे मिळेल?"

निळा म्हणजे लिंकिया. सगळ्यांना तोच हवा असतो, आणि मी सगळ्यांना नकोच म्हणतो. समुद्रात तो खडकावरचा बुळबुळीत थर, त्यातले सूक्ष्म जीव आणि कुजकं-नासकं टिपत फिरतो, आणि फिरायला त्याला अख्खा खडक असतो. आपण त्याला दोन हात लांबीची काच देतो. कोळंबीचा तुकडा पुढ्यात ठेवा, बहुतेक वेळा तो त्यावरून निघून जातो. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची रीत. इथे आग्रह चालत नाही. बरं, उपाशी आहे हे कळूही देत नाही. स्वतःचंच शरीर झिजवत महिनोन् महिने काढतो. मग एखाद्या हाताचं टोक मऊ पडतं, पाठीवर पांढरट चट्टा येतो आणि भराभर विरघळायला लागतो. मालक म्हणतो, "काल तर चांगला होता!" काल चांगला नव्हता, फक्त निळा होता.

या निळ्याबद्दल एक गोष्ट वाचल्यापासून माझा नकार जास्तच पक्का झालाय. ताऱ्याच्या प्रत्येक हाताच्या टोकाला एक साधा डोळा असतो. अँडर्स गार्म आणि डॅन-एरिक निल्सन या दोघांनी 2014 साली दाखवलं, की लिंकियाला खडकापासून थोडं दूर वाळूत ठेवलं तर तो खडक बघून बरोबर तिकडे चालत जातो. डोळे काढलेले मात्र वाटेल त्या दिशेला भरकटतात. डोक्याचा पत्ता नाही, मेंदू नाही, आणि घर ओळखतो. काका ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, लाल?"

लाल फ्रोमिया आकाराने लहान, त्यामुळे भूक थोडी कमी. जुन्या, शेवाळ धरलेल्या मोठ्या टाकीत त्याला संधी आहे, काकांच्या नव्याकोऱ्या काचेत नाही. वाळू चाळणारा तारा वाळूतले किडे संपवतो आणि मग स्वतः संपतो. हिरवा ठिसूळ तारा खायला अजिबात लाजत नाही, पण तो रात्री हातांवर उभा राहून खाली आडोसा करतो, आणि आडोशाला आलेला लहान मासा त्याच्या विळख्यात जातो. काकांचे क्लाउन मासे नातीने नावं ठेवलेले. तोही बाद.

खाऊ घालायची हौसच असेल तर शिंगवाला चॉकलेट चिप घ्यावा. प्रवाळ, स्पंज, शिंपले, काही सोडत नाही, म्हणून माझ्याकडे तो छोट्या टाकीत वेगळा राहतो. त्याच्यासाठी मी दिवाळे गावच्या मासळी बाजारात जातो. मूठभर तिसऱ्या मागितल्या की मावशी माझ्याकडे संशयाने बघते. "एवढ्याशा कनाला रे? कालवणाला पुरणार नाय." मी एकदा खरं सांगून टाकलं. ती शेजारणीला म्हणाली, "याचा तारा तिसऱ्या खातो, आन् हा भाव करतो." तेव्हापासून भाव करत नाही. कोळंबी असली तर घरी हळद-मीठ लागण्याआधी दोन तुकडे बाजूला काढून ठेवायचे, एवढं आईला पटवावं लागलं.

तिसरी उघडून चिमट्याने त्याच्या हाताखाली सरकवायची. वरून काही टाकून उपयोग नाही. अन्न खालीच गेलं पाहिजे. आधी काहीच होत नाही. मग खालचे शेकडो नळीपाय जागे होतात आणि तुकडा एकेका पायावरून मधल्या तोंडाकडे जातो. पाठ वर उचलली जाते. आणि आता तो आपलं जठर तोंडातून बाहेर काढतो, तिसरीवर पसरतो आणि बाहेरच्या बाहेर जेवण पचवायला लागतो. यात तास जातात. मधे संन्यासी खेकडा येऊन तुकडा पळवतो, म्हणून ताऱ्यावर प्लॅस्टिकची जाळीची टोपली पालथी घालतो. टोपली काढल्यावर खाली लख्ख शिंपला सापडला की बरं वाटतं. उरलंसुरलं लगेच काढायचं, नाहीतर कुजून अमोनिया. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

सगळ्यांत सुखी मात्र ज्यांना कुणी विकत घेत नाही ते. अस्टेरिना: नखाएवढे, राखाडी, खडकासोबत फुकट येतात, मधोमध फाटून एकाचे दोन होतात. बहुतेक काचेवरचं शेवाळ खातात. काही जण बटणांवर ताव मारतात, तेवढ्यांना उचलायचं. माझ्या खडकातून काकांकडेही ते गेले. काकांना ते ओंगळ वाटले, म्हणून त्यांनी दुकानदाराच्या सल्ल्याने हार्लेक्विन कोळंबी आणली. पांढरी, निळ्या-गुलाबी ठिपक्यांची, फार देखणी. ती ताऱ्यांशिवाय जवळजवळ काहीच खात नाही. तिने काकांचे सगळे तारे फस्त केले आणि आता तिच्याच पोटाचा प्रश्न उभा राहिला.

त्यामुळे हल्ली रविवारी सकाळी बेल वाजते, आणि विरजण मागायला यावं तसे काका वाटी घेऊन दारात. "असतील का चार-पाच?" मी काचेवरचे खरवडून देतो. काका कोळंबीचं कौतुक सांगत बसतात. आई त्यांना चहा देते आणि विचारते, पुढच्या वेळी घेताना आधी जेवणाचं विचाराल ना? काका म्हणतात, "अहो, म्हणूनच तर आज विचारायला आलोय. समुद्री घोडा काय खातो?"